सातवी सही

कोर्टाच्या भिंतीला टेकलेल्या नोटरीच्या टपरीत
आम्ही सहाजण उभे. फॉर्म सात जणांचा.
"सातवा कोण?" त्यानं विचारलं, शिक्क्यावर फुंकर मारत.
गुरुलिंग म्हणाला, "तांब्या."
"आडनाव?"
कुणालाच माहीत नव्हतं.

लातुरात नळ दहा दिवसांनी यायचा तेव्हाची गोष्ट.
कुठल्या गल्लीला कुठला वार, किती वाजता,
हे व्हॉल्व्ह उघडणाऱ्याला ठाऊक, आणि त्याच्या सायकलीला.
मन्मथनं त्याच्यामागं महिनाभर हिंडून वही भरली,
वहीचा कोड केला, आणि कोड ठेवला उघडा,
दाराबाहेरच्या रांजणासारखा:
घ्या, प्या, मचूळ लागलं तर सांगा.
नाव ठेवलं नळवार.

औशानं घेतलं, उदगीरनं घेतलं,
मग आफ्रिकेतल्या एका गावानं, ज्याचं नाव घेताना
शाहिस्ताची जीभ अजून अडते.
तिथून एकानं विचारलं,
आमचा आठवडा बाजाराचा, चार दिवसांचा,
तुमचा सात कुठं बदलायचा?
त्या रात्री जागून आम्ही
सात हा आकडाच कोडातून काढून टाकला.

मन्मथ डेंग्यूनं गेला.
डोमेन त्याच्या नावावर, सर्व्हरचं भाडं त्याच्या कार्डावर,
पासवर्ड त्याच्यासोबत मातीत.
अकरा दिवस चाळीस गावांना वार कळला नाही.
मग त्याच्या फोनवर ओटीपी आला
आणि शिवकांतानं एकेक आकडा वाचून दाखवला,
सावकाश, पोराला पाढे शिकवावेत तसा.
सहा आकडे. आम्ही ते प्रसादासारखे हातावर घेतले.

तेव्हापासून गुरुलिंगचं एकच:
संस्था पाहिजे. माणूस मरतो, संस्था मरत नाही.

"मरत नाही हाच तर रोग आहे तिचा," शाहिस्ता म्हणते.
"माझ्या बापानं बत्तीस वर्षं एका संस्थेत मास्तरकी केली.
आधी संस्थापकाचा फोटो, मग पुतळा, मग पोरगा, मग सून,
मग दोन कार्यकारिण्या, दोन शिक्के, एक कोर्ट.
पगारावर सही कुणाची हे ठरेस्तोवर
बाप रिटायर झाला.
रांजणाला अध्यक्ष कामून लागतो?"

"रांजणाला नाही लागत.
पण भरणारा तापानं पडला
तर आज कोण भरणार, हे कुठंतरी लिहिलेलं पाहिजे का नको?"

मी मधी. मला दोघांचंही पटतं, हीच अडचण.
आमच्या गल्लीतली भिशी बारा बायकांच्या शब्दावर चालली
आणि एकीच्या शब्दावर बुडाली.
कुणी तीन लाख देऊ म्हणतंय, खातं विचारतंय.
माझं खातं देऊ? माझ्या मनाचा
माझा मलाच भरवसा किती?

तांब्याला विचारलं होतं आधी.
पाच वर्षं, रात्री दोन ते चार,
सगळे अवघड बग त्यानंच मारले, किंवा तिनं.
कोडातल्याच एका टिपेत उत्तर आलं:
"सही नको. बिघडलं की हाक मारा."
क्रियापदंही अशी निवडलेली
की बाई का पुरुष, कळू नये.

"सातवी म्हणून कुणाची बायको घाला," नोटरी म्हणाला,
"सगळे तेच करतात."
शाहिस्तानं फॉर्मची घडी घातली.
गुरुलिंगनं उलगडली.
तिनं परत घातली.
तेवढ्यात माझा फोन वाजला. नळवार:
आज वार नसताना, आमच्या गल्लीला, चार चाळीसला.
व्हॉल्व्हवाल्यानं कधीतरी आगाऊ सोडलेलं पाणी
कोडाला कसं कळतं, ही तांब्याचीच करामत.

मी पळाले. फॉर्म माझ्याच पिशवीत राहिला.
टाकी भरली, घागरी भरल्या, कुकर भरला,
मग पिशवी पाहिली.
सहावी सही पुसून निळं डबकं झालेलं.
ती माझी होती.